आयुष्याएवढा उजेड

एक हजार पौर्णिमा म्हणजे सुमारे २९,५३० दिवस. म्हणजे ८० वर्षं आणि वर दहाएक महिने. सहस्रचंद्रदर्शनाचा हिशेब एवढाच. आता त्याच्या शेजारी दुसरा हिशेब मांडतो. सप्तर्षींतले मधले पाच तारे, म्हणजे पुलह, पुलस्त्य, अत्री, अंगिरस आणि वसिष्ठ, आपल्यापासून ८० ते ८३ प्रकाशवर्षांवर आहेत. ज्याचं सहस्रचंद्रदर्शन झालं त्या माणसानं त्या रात्री अंगणात येऊन उत्तरेला मान वर केली, तर या पाचांचा जो उजेड त्याच्या डोळ्यांत शिरतो तो त्याच्या जन्माच्या आगेमागेच तिथून निघालेला असतो.

चंद्राच्या फेऱ्यांचा आणि त्या ताऱ्यांच्या अंतराचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. निव्वळ योगायोग. तरी तो मला सोडवत नाही. अवकाशाबद्दल बोलताना आपण लगेच कोटी आणि अब्जांत जातो, आणि माणूस त्यात कुठल्या कुठे हरवतो. इथे उलट आहे. एका माणसाचं भरल्या हातापायांचं आयुष्य आकाशात मोजून दाखवता येतं, आणि ते भिंगाशिवाय, नुसत्या डोळ्यांनी दिसतं.

*

पाच जण म्हटले, कारण सप्तर्षींतले दोन टोकाचे, क्रतू आणि मरीची, त्या घरचे नव्हेत. क्रतू सुमारे १२३ प्रकाशवर्षांवर, मरीची १०४. मधले पाच मात्र सख्खे. एकाच वायुमेघातून सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी जन्मले आणि आजही एकाच दिशेनं, एकाच चालीनं निघालेत. वसिष्ठाशेजारची मिणमिणती अरुंधतीही त्यांच्याबरोबर आहे. नव्या नवरानवरीला अरुंधती दाखवतात, तेव्हा त्यांच्या आजीआजोबांच्या जन्माच्या सुमाराचा उजेड ते बघत असतात.

*

वैशाखातली रात्र. हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीत, संत नामदेवांच्या गावी, आत्याच्या घराचं अर्धं माळवद अजून शाबूत आहे. उरलेल्या अर्ध्यावर स्लॅब पडला. उन्हाळ्यात ती बाज स्लॅबवर टाकू देत नाही, माळवदावरच टाकायला लावते, कारण स्लॅब मध्यरात्रीपर्यंत तापलेला राहतो आणि मातीचं माळवद लवकर निवतं. तिचं सहस्रचंद्रदर्शन नुकतंच झालेलं. नातसुनांनी कणकेच्या दिव्यांनी ओवाळलेलं, दारातल्या मांडवाचे वासे अजून भिंतीला टेकवून ठेवलेले. मी तिला सप्तर्षींतले पाच दाखवले आणि वरचा हिशेब सांगितला.

ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “म्हंजे मी झाले तव्हाचा उजेड हाय का ह्यो?”

“हो, आत्या. तेव्हाचाच.”

“मंग इथून बी तिकडं गेला असंल की.”

मी तिला हे सांगितलं नव्हतं. शाळेचं तोंड चार वर्षं पाहिलेल्या बाईनं ते स्वतःच उलटवलं. तिथून येणारा उजेड आणि इथून जाणारा उजेड यांचा वेग एकच, वाटही एकच. तिकडून निघालेला आज इथे पोचला, तर त्याच वेळी इथून निघालेला आज तिथे पोचलेलाच असणार. दोघं वाटेत कुठेतरी, आत्या चाळिशीत असताना, एकमेकांतून आरपार गेले. एकमेकांना धक्काही न लावता.

*

इथून निघाला तो उजेड कसला, हा प्रश्न खरा आहे. आत्याचा जन्म पहाटेचा, कोंबडा आरवायच्या वेळचा. बाळंतिणीच्या खोलीत घासलेटची चिमणी. दार लावलेलं, खिडकी नाहीच, वर एक सवणं. चिमणीचा बराचसा उजेड त्या शेणानं सारवलेल्या भिंतींनी गिळला. सवण्यातून गेला असेल तेवढाच थेट बाहेर.

पण भिंतीनं गिळलेला उजेड तिथे राहत नाही. भिंत त्यानं किंचित तापते, आणि तापलेली प्रत्येक वस्तू डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश बाहेर टाकते. तोही प्रकाशच, वेग तोच, सेकंदाला जवळजवळ तीन लाख किलोमीटर. सूर्याकडून आलेलं पृथ्वी जेवढं गिळते, जवळपास तेवढं सगळं रात्रंदिवस असं अवकाशात परत जातं. तसं झालं नसतं तर आपण केव्हाच भाजून निघालो असतो.

माणसाचं अंगही असंच सतत उजळत असतं. ३७ अंशांच्या शरीरातून जो अवरक्त प्रकाश निघतो तो सर्वांत जास्त साडेनऊ मायक्रॉन लांबीच्या लाटांचा. आणि पृथ्वीच्या हवेला नेमकी ८ ते १३ मायक्रॉनच्या मध्ये एक खिडकी आहे. आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी असली की या लांबीच्या लाटांतल्या बऱ्याचशा थेट पलीकडे निघून जातात. माळवद लवकर निवतं, पहाटे पांघरूण ओढावंसं वाटतं, ते यामुळेही. मराठवाड्यात उन्हाळाभर माळवदावर निजलेली माणसं झोपेत स्वतःचा उजेड वर पाठवत आली आहेत, पिढ्यान् पिढ्या. ही कविकल्पना नाही. अवरक्त कॅमेरा लावला तर प्रत्येक बाजेवर एक उजळ आकृती दिसेल.

*

प्रकाशवर्ष म्हणजे सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. हा आकडा एकदा लिहून विसरून जावा. त्यानं काहीच कळत नाही. ‘माझं वय’ या मापानं मात्र सगळं कळतं.

*

मूल अंगणवाडीतून पहिलीकडे निघालेलं असतं तेव्हा त्याच्या जन्माचा उजेड मित्र या ताऱ्यापाशी पोचलेला असतो. ४.३७ प्रकाशवर्षं. हा आपला सर्वांत जवळचा शेजारी, तीन ताऱ्यांचं कुटुंब. नरसीतून तो दिसतो, पण दक्षिणेला क्षितिजाच्या वर नऊ-साडेनऊ अंशच चढतो. वैशाख-ज्येष्ठात रात्री नऊ-दहाला, त्या बाजूला झाड किंवा घर नसेल तर.

तिसरी-चौथीत व्याध. ८.६ वर्षं. रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा, आणि मुलांना सगळ्यांत आधी दाखवावा असा. दहावीच्या परीक्षेच्या आसपास श्रवण. पंचविशीला अभिजित. ३७ व्या वर्षी स्वाती. हा एकटा, नारिंगी, वैशाखात डोक्यावर येणारा तारा मला फार आवडतो. माणूस ३७ वर्षांचा असतो तेव्हा त्याला कुणी विचारत नाही, ना तरुणांत, ना थोरांत. त्या वर्षी त्यानं एकदा स्वाती बघावा. ४३ ला ब्रह्महृदय. मग साठी ओलांडल्यावर, पासष्टीच्या पुढे रोहिणी.

नोकरीतून निवृत्त झालेल्यांना शाल-श्रीफळ देतात. त्यांना कुणीतरी गच्चीवर नेऊन पुढच्या काही वर्षांत येणारी रोहिणीही दाखवावी.

*

एक गैरसमज फार पसरला आहे, आणि शिकलेल्यांतच जास्त. “आपण जे तारे बघतो ते कधीच मरून गेलेत, नुसता त्यांचा उजेड दिसतो.” भाषणांत, शुभेच्छापत्रांत, शोकसभांत हे वाक्य येतं. नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या ताऱ्यांबाबत ते खोटं आहे. हे तारे बहुतांशी काही वर्षांपासून एकदोन हजार वर्षांपर्यंतच्या अंतरावर आहेत. ताऱ्याचं आयुष्य मात्र कोट्यवधी वर्षांचं, कित्येकांचं अब्जावधी वर्षांचं. उजेड इथे पोचेपर्यंतच्या एवढ्याशा काळात तारा विझला असेल याची शक्यता नगण्य. जे दिसतात ते जवळजवळ सगळेच्या सगळे या क्षणीही तिथे जळत आहेत.

मला हे सांगावंसं वाटतं, कारण त्या वाक्यानं आकाशाचं स्मशान होतं. ते स्मशान नाही. ती जागी वस्ती आहे.

*

आता ज्या हिशेबानं मी स्वतः थक्क झालो तो.

जन्मापासून माणसाभोवती उजेडाचा एक गोल फुगत जातो. त्याची त्रिज्या रोज एक प्रकाशदिवस वाढते. वाढ रोज सारखीच, तान्ह्या बाळाची तेवढीच आणि म्हाताऱ्याचीही तेवढीच. पण गोल मोठा झाला की त्याचा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो. म्हणून तेवढ्याच वाढीत त्यात नवे तारे येतात ते मात्र दर वर्षी जास्त जास्त.

आपल्या आसपास ३३ प्रकाशवर्षांच्या आत साधारण चारशे तारे मोजले गेले आहेत. बहुतेक मंद, तांबडे, दुर्बिणीशिवाय न दिसणारे. ताऱ्यांची हीच दाटी पुढेही आहे असं धरून हिशेब केला तर ढोबळमानानं असं येतं. दहाव्या वर्षी माणसाच्या उजेडात वर्षाकाठी तीन-चार नवे तारे येतात. चाळिशीत आठवड्याला एक. आणि ऐंशीव्या वर्षी दीड-दोन दिवसांना एक.

म्हातारपण म्हणजे आक्रसत जाणं, असं आपण धरूनच चालतो. शेतात जाणं बंद होतं, मग वेशीपर्यंतचं, मग ओसरीवरून खाली उतरणंही. आत्याचं जग आज तिच्या बाजेपासून न्हाणीपर्यंत आहे. आणि तिचा उजेड त्याच वेळी, तिच्या अख्ख्या तरुणपणात कधी नव्हता इतक्या भराभर, दर दुसऱ्या दिवशी एखाद्या नव्या सूर्याला वेढतो आहे. मी हे तिला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं असं नाही. ती त्या वेळी भरताच्या वांग्याबद्दल बोलत होती.

*

किती विरळ असतो हा उजेड, तेही प्रामाणिकपणे लिहून ठेवायला हवं.

उन्हात उभ्या माणसाच्या अंगावरून शंभरेक वॅट दृश्य प्रकाश परावर्तित होतो असं धरू. म्हणजे सेकंदाला प्रकाशकण किती, तर २ वर २० शून्यं, किंवा थोडे जास्तच. मोठा आकडा. पण ते सगळे ८० प्रकाशवर्षांपर्यंत पसरले की तिथल्या एक चौरस मीटर आरशावर त्या माणसाचा एक कण पडायला शंभर कोटी वर्षांच्या आसपास थांबावं लागेल. वसिष्ठावरून कुणी आपल्याला बघत असेल ही कल्पना त्यामुळे निकालात निघते. आरसा कितीही मोठा करा, शेजारी सूर्याचा लखलखाट आहेच.

तरी कण निघाले ते निघालेच. विरळ होणं आणि नाहीसं होणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. वाटेत धूळ लागली नाही, ग्रह आडवा आला नाही, तर त्यांना थांबवणारं तिथे काही नाही. त्यांना दमणं नाही. आत्याच्या लहानपणी खळ्यावर उन्हात खेळताना तिच्या फ्रॉकवरून उडालेला एखादा कण या घडीला पुलस्त्याच्या पलीकडे जायला निघाला असेल.

*

औंढा नागनाथ नरसीपासून फार लांब नाही. तिथली गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. नामदेव गुरूच्या शोधात औंढ्याला गेले, तर विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेवांनी हटकलं. विसोबा म्हणाले, जिथे देव नसेल तिथे माझे पाय नेऊन ठेव. पाय उचलून जिकडे न्यावेत तिकडे खाली पिंड.

कीर्तनात ही कथा ऐकताना मला दर वेळी प्रकाशाचा गोल आठवतो. ताऱ्याला समोर नाही, पाठ नाही. तो एकाच वेळी सगळीकडे पाठवतो. रोहिणीचा जो उजेड आपल्या डोळ्यांत आला तो तिच्या उजेडाचा किती नगण्य भाग. बाकीचा आपल्याला ठाऊकही नसलेल्या दिशांना, तितकाच भरभरून गेला. नामदेवांची दुसरी कथाही औंढ्याचीच. त्यांना देवळामागे बसून भजन करायला लावलं आणि देऊळ फिरलं. दोन्ही कथांमध्ये दिशेचा मान मोडून पडतो.

*

औंढ्याजवळच दुधाळा. तिथे लायगो-इंडिया ही गुरुत्वलहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता, एप्रिल २०२३ मध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी, खर्च २,६०० कोटी रुपये, ११ मे २०२३ ला पायाभरणी. एसटीत हिंगोलीच्या आसपासचे लोक तिला सरळ ‘लायगो’ म्हणतात, कारखान्याचं नाव घ्यावं तसं. काय करतात तिथे, असं विचारलं तर उत्तरं वेगवेगळी येतात.

अशा वेधशाळेत करतात ते असं. काटकोनात दोन नळ्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांब, आत निर्वात पोकळी. एकच लेसर किरण दुभंगून दोन्हींत सोडायचा. टोकाच्या आरशांवर तो आपटून येतो. चार किलोमीटर जायला प्रकाशाला १३ मायक्रोसेकंद लागतात, पण त्याला सुमारे तीनशे वेळा मागेपुढे फिरवतात, म्हणजे वाट १,२०० किलोमीटरची होते. दोन्ही बाजूंनी परतलेले किरण एकत्र केले की एका बाजूची लांबी दुसरीपेक्षा तिळभर नव्हे, प्रोटॉनच्या हजाराव्या भागाइतकी जरी बदलली तरी कळतं. गुरुत्वलहर गेली की ती एवढीच बदलते.

अमेरिकेतल्या अशा दोन यंत्रांनी १४ सप्टेंबर २०१५ ला पहिली लहर पकडली. १३० कोटी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली, एक ३६ सूर्यांएवढं, दुसरं २९. त्यातलं तीन सूर्यांएवढं वस्तुमान लहरी होऊन निघून गेलं. लहर लुइझियानातल्या यंत्रावर आधी आली आणि ७ मिलिसेकंदांनी वॉशिंग्टन राज्यातल्या. या सात मिलिसेकंदांवरूनच ती कुठल्या बाजूनं आली याचा अंदाज बांधायचा असतो. दोन यंत्रं जवळजवळ असली की अंदाज ढोबळ राहतो. पृथ्वीच्या व्यासाएवढं अंतर कापायला प्रकाशाला ४३ मिलिसेकंद लागतात. दुधाळ्याचं यंत्र अमेरिकेपासून पृथ्वीच्या जवळजवळ पलीकडच्या अंगाला आहे, म्हणून त्याची किंमत. गोंगाटातून लहरींचा खरा संकेत वेचून काढण्याच्या गणितात पुण्याच्या आयुकातल्या संजीव धुरंधर यांचं काम पहिल्या पिढीतलं आहे, हेही मराठी वाचकाला ठाऊक असावं.

*

१७ ऑगस्ट २०१७ ची घटना मला त्याहून मोठी वाटते. दोन न्यूट्रॉन तारे धडकले, १३ कोटी प्रकाशवर्षांवर. गुरुत्वलहर पोचली आणि १.७ सेकंदांनी गॅमा किरण. तेरा कोटी वर्षं शर्यत चालली आणि निकाल पावणेदोन सेकंदांत लागला. त्यातही तो फरक बहुधा निघतानाचाच होता, वाटेतला नव्हे. प्रकाशाचा आणि गुरुत्वलहरीचा वेग एकच आहे, ही गोष्ट त्या दिवशी सिद्ध झाली असं म्हणायला हरकत नाही.

तो संकेत निघाला तेव्हा हिंगोलीत आज दिसतो तो काळा दगड नव्हताच. जवळजवळ सगळ्या मराठवाड्याखाली आहे तो बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा होऊन पसरला. म्हणजे संकेत जवळजवळ निम्म्या वाटेवर असताना. लाव्हा थिजला, झिजला, त्याची काळी माती झाली, कयाधू नदीनं तिच्यातून पात्र खोदलं, त्या मातीत कापूस, सोयाबीन, हळद आली, आणि एवढ्या वेळात उरलेली वाट संपत आली.

याच जमिनीला १० जुलै २०२४ ला सकाळी सातच्या पुढे धक्का बसला, ४.५ रिश्टरचा. हिंगोली जिल्ह्यात केंद्र. भांडी वाजली, माणसं अंगणात आली. जमिनीखालून गूढ आवाज येतात असं काही गावं वर्षानुवर्षं सांगत आली आहेत. अशा भूमीत प्रोटॉनहून बारीक हालचाल टिपायची, तर आरसे जमिनीपासून तोडून, लटकवून, कित्येक थरांनी अलग ठेवावे लागतात.

*

नामदेवांचा जन्म १२७०. त्या कार्तिकातला नरसीचा उजेड आज साडेसातशेहून अधिक प्रकाशवर्षं बाहेर गेला आहे. म्हणजे आकाशात कुठवर? मृगातला निळसर राजन्य सुमारे ८६० प्रकाशवर्षांवर. तिथपर्यंत तो अजून पोचलेला नाही. आज आपल्याला राजन्याचा जो उजेड दिसतो तो नामदेवांच्या शतकभर आधीचा, देवगिरी राजधानी व्हायच्याही आधीचा. मृगातलाच तांबूस काक्षी जवळचा, पण त्याच्या अंतरावर अजून एकमत नाही, साडेपाचशेपासून सातशेपर्यंत आकडे येतात. त्याचा आज दिसणारा उजेड नामदेव हयात असताना निघालेला असेल, किंवा त्यांच्यामागून शंभर-सव्वाशे वर्षांत.

एकाच मृगात हे दोघं शेजारी दिसतात आणि त्यांच्या मधल्या फटीत कुठेतरी नामदेवांचा जन्म बसलेला आहे.

*

नामदेवांचा शब्द मात्र पायी गेला. ज्ञानेश्वरांच्या १२९६ च्या समाधीनंतर ते उत्तरेकडे निघाले, पंजाबात घुमानला राहिले. १६०४ साली शिखांचा ग्रंथ सिद्ध झाला त्यात त्यांची ६१ पदं आहेत. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं, सदानंद मोरे अध्यक्ष होते. नरसीत पंजाबहून येणारे शीख यात्रेकरू दिसतात, तेव्हा एका शिंप्याचा शब्द किती दूरवर गेला ते डोळ्यांसमोर उभं राहतं. त्या शब्दाला कुठलाही ठराविक वेग नव्हता. माणसांच्या चालीनं गेला, म्हणून वाटेतल्या गावागावात थांबला. प्रकाशाला थांबणं जमत नाही.

*

परतवारीच्या दिवशी नरसीत पाय ठेवायला जागा नसते. पंढरपूरची आषाढी करून आलेले इथे येऊन वारी पुरी करतात. आभाळ गच्च भरलेलं, तारा एक दिसत नाही, रेनकोट, छत्र्या, प्लास्टिकचे कागद. ढगांच्या वर सप्तर्षी नेहमीसारखेच असणार. ढग दृश्य उजेड अडवतात, अवरक्तही. त्या रात्री लाखभर माणसांचा उजेड ढगांच्या पोटाला लागून परत त्यांच्याचकडे येत असतो. म्हणूनच ढगाळ रात्र उबदार.

*

२७ मे १९३३ ला शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाचे दिवे स्वातीच्या उजेडानं लावले गेले. दुर्बिणीनं तो प्रकाश विद्युतघटावर पाडला, त्यातून आलेल्या क्षीण प्रवाहानं कळ दाबली गेली. शिकागोत आधीचं प्रदर्शन १८९३ ला झालं होतं, आणि स्वाती ४० प्रकाशवर्षांवर आहे असा तेव्हाचा समज. म्हणजे जुन्या प्रदर्शनाच्या वेळी निघालेल्या किरणानं नव्याचे दिवे लागले. आजच्या मोजणीनं स्वाती ३७ वर. तीन वर्षांची चूक. तरी कुठल्याही उद्‌घाटनासाठी मला याहून थोर कल्पना ठाऊक नाही. फीत कापण्यापेक्षा कितीतरी.

*

रेडिओबद्दल एक समजूत अशी, की आपली सगळी गाणी आणि बातम्या ताऱ्यांकडे निघाल्या आहेत. काही निघाल्या, सगळ्या नाहीत. आकाशवाणी परभणी मीडियम वेव्हवर. या लाटा रात्री वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर आपटून खाली येतात, म्हणून तर रात्री लांबलांबची स्टेशनं लागतात. आत्याच्या तरुणपणची भजनं आणि कृषिवार्ता त्यामुळे बहुतेक इथेच राहिल्या. एफएम आणि दूरचित्रवाणीच्या लहरी तो थर भेदून गेल्या.

*

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर २० मे २०२५ ला पुण्यात गेले. जन्म कोल्हापूरचा, १९ जुलै १९३८. म्हणजे त्यांना सहस्र पौर्णिमा मिळाल्या आणि त्यांच्या जन्माच्या वेळी निघालेला सप्तर्षींतल्या त्या पाच ताऱ्यांचा उजेडही त्यांच्या हयातीतच इथे येऊन गेला. ‘यक्षांची देणगी’ वाचून आमच्या पिढीतल्या कित्येकांनी पहिल्यांदा गच्चीवर चटई टाकली. ते गेले त्या सकाळचा पुण्याचा उजेड मित्र ताऱ्यापाशी २०२९ च्या उत्तरार्धात पोचेल. त्या आधी आपल्या सूर्याबाहेरच्या कुठल्याही ताऱ्यावर ती बातमी पोचणं शक्य नाही.

*

आत्याला सालं आठवत नाहीत. तिला निजामाच्या काळातले रझाकार आठवतात, तेही आईनं सांगितलेले. गावातल्या बायकामुलांना घेऊन रात्री पिकात निजायचं, चूल पेटवायची नाही, चिमणी लावायची नाही. लांबून उजेड दिसला तर? मग १७ सप्टेंबर १९४८. हैदराबाद संस्थान संपलं, मराठवाडा मोकळा झाला. तिच्या आईनं त्या रात्री म्हणे घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या चिमण्या लावल्या आणि एक ओट्यावर, उघड्यावर आणून ठेवली.

उघड्यावरच्या त्या चिमणीचा उजेड कुठल्या भिंतीनं गिळला नाही. मघा नक्षत्राचा मुख्य तारा ७९ प्रकाशवर्षांवर, थोडा इकडेतिकडे. म्हणजे ओट्यावरची ती चिमणी २०२७ च्या अखेरीस किंवा २०२८ च्या सुरुवातीला मघेच्या अंतरावर पोचते. मुक्तिदिनाला झेंडावंदन सकाळी असतं. त्यासाठी लवकर उठायचंच आहे, तर २०२७ साली सव्वापाचलाच उठावं. ढग नसतील तर पूर्वेला, क्षितिजापासून हातभर वर, उजाडायच्या आत मघा दिसेल. आत्याला उठवायला मी धाकट्या भावजयीला सांगून ठेवलं आहे.